कार्ड नेमकं कुणाच्या ताब्यात?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचे नमुने (पॅटर्न) घडवणाऱ्या एका शॉपमध्ये अलीकडंच एक काम पूर्ण केलं. संगणकावर लिनक्स, लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, विंडोज, त्या विंडोजमध्ये कॅडचं सॉफ्टवेअर आणि त्या सॉफ्टवेअरच्या दिमतीला खरंखुरं ग्राफिक्स कार्ड, अशी ही रचना आहे. आता सगळं नीट चाललंय. पण तिथंवर पोचताना ड्रायव्हरांची, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमांची, जी भांडणं सोडवावी लागली, त्यांबद्दल मराठीत सलग लिहिलेलं मला काही मिळालं नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात घरच्या घरी डिझाईन करणारी वर्कशॉप पुष्कळ आहेत आणि हीच अडचण त्यांच्याही दारात येणार आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हा एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. शॉप घरचं आहे. काकांनी उमेदीची वर्षं सागवानाचे पॅटर्न हातानं घडवण्यात घालवली. आता मुलगा फौंड्रीवाल्यांकडून कामं आणतो आणि सूनबाई कॅडवर बसतात. मुलगा माझा मित्र, त्यामुळं त्या माझ्या वहिनी. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, गिअरबॉक्सचं हाऊसिंग अशी कामं असतात. ग्राहकाचं ड्रॉइंग आलं की वहिनी त्यावर श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो ते) धरतात, ग्रे आयर्न असेल तर साधारण १ टक्का. मशीनिंगसाठी माल सोडतात, पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून ड्राफ्ट देतात आणि मग पॅटर्न व कोअर बॉक्स (आतल्या पोकळीच्या गाभ्याचा साचा) यांची मॉडेलं तयार करतात. त्यांच्याकडचं कॅडचं सॉफ्टवेअर कायमच्या परवान्याचं आहे, यूएसबीच्या डोंगलवर चालतं, पण चालतं ते फक्त विंडोजवर आणि तेही जुन्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असला संगणक इंटरनेटला जोडून त्यावर ग्राहकांच्या मेल उघडत बसणं मला अजिबात मान्य नव्हतं. दर वर्षी भाडं भरायचं नवं सॉफ्टवेअर घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून ठरलं असं, की बाहेर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार), त्यावर मेल, ड्रॉइंग, बॅकअप. आणि आत केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीच्या) व्हर्च्युअल मशीनमध्ये इंटरनेट नसलेलं विंडोज १०, फक्त कॅडपुरतं.

हे विंडोज आधी कुणीतरी दुसऱ्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून दिलेलं होतं. त्याची डिस्कची फाईल मी रूपांतरित करून केव्हीएमवर आणली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध येणार आहे.

विंडोज चालू झालं, डोंगल ओळखला गेला, सॉफ्टवेअर उघडलं. वहिनींनी एका व्हॉल्व्ह बॉडीचा कोअर बॉक्स उघडला आणि माउसनं फिरवला. मॉडेल गचके खात फिरत होतं. माउस थांबला तरी मॉडेल आपलं फिरतच. त्याहून वाईट म्हणजे निवड. "भावजी, मागची कड निवडायला जावं तर निवड भलतीकडंच पडतीय," असं म्हणत त्यांनी दाखवलं. चित्र मागं राहिलेलं, माउस पुढं गेलेला. त्या क्लिक करायच्या तिथं पडद्यावर कड दिसायची, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी मॉडेल केव्हाच दुसऱ्या कोनात गेलेलं असायचं. रेखाटणीच्या कामात हे चालणारच नाही. चुकीच्या कडेला फिलेट (गोलाई) दिला आणि लक्षात आलं नाही, तर ते सीएनसीवर कापून बाहेर येईपर्यंत कळत नाही.

कारण सरळ होतं. व्हर्च्युअल मशीनला मिळतं ते कार्ड कागदावरचं असतं. केव्हीएममध्ये विंडोजला साधारणपणे क्यूएक्सएल नावाचा आभासी अडॅप्टर देतात. तो पडदा दाखवतो, खिडक्या हलवतो, पण त्रिमितीचं गणित करणारी चिप त्याच्यामागं नसते. विंडोजला कार्डाच्या कंपनीचा ओपनजीएलचा (त्रिमिती चित्रं काढायच्या पद्धतीचा) ड्रायव्हर मिळाला नाही की ते स्वतःजवळच्या ओपनजीएल १.१ वर येतं आणि सगळं गणित प्रोसेसरवर टाकतं. ओपनजीएल १.१ ही १९९७ ची आवृत्ती. लिनक्स आत चालवायचं असतं तर व्हर्टिओ-जीपीयूचा त्रिमिती प्रवेग वापरता आला असता. विंडोजसाठी त्यात भरवशाचा ड्रायव्हर नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोजसाठी त्रिमितीची सोय आहे, पण कॅडच्या जड कामाला ती पुरत नाही, ते वहिनींनी आधीच भोगलं होतं.

"आरं, नवं कार्ड घाल की त्यात. काय हजार जायचं ते जाऊ देत," काका म्हणाले.

"काका, कार्ड आहे की आत. ते विंडोजपर्यंत पोचत नाही, एवढंच," मी सांगितलं. संगणकात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं कार्ड होतं आणि या कामाला ते भरपूर आहे. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल आय-५, त्याच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स. म्हणजे बेत स्पष्ट होता: लिनक्सनं इंटेलच्या ग्राफिक्सवर भागवायचं आणि अख्खं कार्ड उचलून विंडोजच्या हवाली करायचं. याला पासथ्रू म्हणतात. लिनक्समध्ये त्यासाठी व्हीएफआयओ ही यंत्रणा आहे, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ३.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून.

या कामात जो काही घोळ होतो, तो जवळजवळ सगळा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: कार्ड आत्ता कुणाच्या ताब्यात आहे? सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची असली की काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. इथंही सेटिंगमध्ये कार्ड विंडोजच्या नावावर लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष ताबा लिनक्सच्या ड्रायव्हरकडं, किंवा बायोसनं (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरनं) बूटच्या वेळी उभारलेल्या पडद्याकडं, किंवा विंडोजच्याच आत कुठल्या जुन्या ड्रायव्हरकडं राहिलेला असतो. म्हणून कुठलंही सेटिंग बदलायच्या आधी ताबा कुणाचा हे बघायचं, अशी शिस्त मी लावून घेतली आणि तिचाच उपयोग झाला.

बायोसमध्ये व्हीटी-डी चालू केलं. व्हीटी-एक्स वेगळं आणि व्हीटी-डी वेगळं. पहिलं असलं की व्हर्च्युअल मशीन चालतं, पण उपकरण आत द्यायला दुसरंच लागतं आणि ते बरेचदा बंद असतं. कर्नलच्या बूटच्या ओळीत इंटेलचं आयओएमएमयू (उपकरणांचा मेमरीशी व्यवहार वेगवेगळा ठेवणारी यंत्रणा) चालू करायचा पर्याय घातला. मग गट तपासले. आयओएमएमयू उपकरणांचे गट पाडतं आणि गटातलं एक उपकरण आत, दुसरं बाहेर असं चालत नाही. माझ्या गटात तीन गोष्टी निघाल्या: स्लॉटचा पूल, कार्डाचा चित्राचा भाग आणि कार्डाचाच एचडीएमआयच्या आवाजाचा भाग. पुलाला हात लावायचा नाही. चित्र आणि आवाज मात्र दोन्ही आत गेले पाहिजेत. नुसतं चित्र दिलं तर क्यूएमयू (व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) गट चालवण्याजोगा नाही असं सांगून मशीन सुरूच करत नाही. आरटीएक्स २० मालिकेतल्या काही कार्डांत यूएसबी-सीचेही भाग असतात, तेही याच हिशेबात धरावे लागतात.

आता ताबा. संगणकातल्या उपकरणांची यादी देणारा एलएसपीसीआय हा आदेश एनएनके या जोडीसह चालवला की प्रत्येक उपकरणाखाली एक ओळ येते, कोणता ड्रायव्हर सध्या वापरात आहे ती. चित्राच्या भागाखाली नूवो होता आणि आवाजाच्या भागाखाली लिनक्सचा नेहमीचा एचडीए ड्रायव्हर. नूवो हा एनव्हिडियाच्या कार्डांसाठी लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. डेबियन बूट होताना कार्ड दिसलं की तो लगेच पुढं सरसावतो. व्हर्ट-मॅनेजर हा व्हर्च्युअल मशीन हाताळायचा प्रोग्रॅम मशीन सुरू करताना कार्ड सोडवून घ्यायचा प्रयत्न स्वतः करतो हे खरं, पण पडदा दाखवत असलेल्या ड्रायव्हरच्या हातून कार्ड ओढून काढणं म्हणजे संगणक गोठण्याला आमंत्रण. त्यापेक्षा नूवो जागा होण्याआधीच कार्ड बाजूला काढून ठेवलेलं बरं.

त्यासाठी व्हीएफआयओ-पीसीआय नावाचा राखणदार ड्रायव्हर आहे. तो स्वतः काहीच करत नाही, फक्त उपकरण धरून ठेवतो. त्याला उपकरणांचे क्रमांक द्यायचे. या कार्डासाठी ते १०डीई:१सी८२ आणि आवाजासाठी १०डीई:०एफबी९. तुमच्या कार्डाचे वेगळे असतील, ते त्याच एलएसपीसीआयमध्ये चौकटी कंसात दिसतात. हे क्रमांक मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगच्या फाईलीत लिहिले आणि त्यासोबत दोन ओळी घातल्या: नूवो चढवण्याआधी व्हीएफआयओ-पीसीआय चढव आणि एचडीएचा आवाजाचा ड्रायव्हर चढवण्याआधीही तेच कर. या दोन ओळी महत्त्वाच्या. क्रमांक लिहिलेले असले तरी जो ड्रायव्हर आधी चढतो, तो कार्ड पटकावतो. क्रम सांगितल्याशिवाय क्रमांकाला अर्थ नाही. शेवटी इनिटरामएफएस, म्हणजे बूटसाठी लागणाऱ्या फाईलींची गाठोडी, नव्यानं तयार केलं, कारण बूटच्या अगदी सुरुवातीला कर्नल तीच प्रत वाचतं, तुम्ही आत्ता बदललेली फाईल नव्हे.

संगणक पुन्हा चालू केला आणि पडदा बूटच्या पहिल्या काही ओळींवर थिजला. घाबरायचं कारण नव्हतं. मी लॅपटॉपवरून एसएसएचनं (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरायच्या सोयीनं) आत गेलो तर डेबियन छान चालू होतं. एलएसपीसीआयमध्ये दोन्ही भागांखाली व्हीएफआयओ-पीसीआय. म्हणजे लिनक्सच्या ड्रायव्हरांकडून ताबा सुटला. असल्या कामाला बसताना दुसऱ्या संगणकावरून एसएसएच चालू आहे याची खात्री आधीच करून घ्या. ती खिडकी नसेल तर थिजलेला पडदा आणि बंद पडलेला संगणक यांतला फरक कळत नाही.

व्हर्च्युअल मशीनला कार्डाचे दोन्ही भाग जोडले. मशीनचा प्रकार क्यू३५ आणि बायोसऐवजी यूईएफआय ठेवलं. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीनं भाग पाडलेली होती, ती विंडोजच्या एमबीआर२जीपीटी या साधनानं आधीच बदलून घेतली होती. क्यूएक्सएलचा पडदा तेवढा ठेवला, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. विंडोजनं कार्ड ओळखलं. इंटरनेट काढलेलं असतानाच, यूएसबीवरून नेलेला ड्रायव्हर बसवला. हे मुद्दाम. जाळं चालू असलं की विंडोज अपडेटही त्याच वेळी स्वतःकडची आवृत्ती बसवू शकतं आणि दोन अर्धवट ड्रायव्हर एकमेकांत अडकतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण. उपकरणानं अडचण कळवल्यामुळं विंडोजनं ते थांबवलं, कोड ४३.

कोड ४३ म्हटलं की इंटरनेटवर पहिलं उत्तर मिळतं ते एकच: आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ड्रायव्हरपासून लपवा. केव्हीएमची खूण झाका, हायपरव्हायझरच्या विक्रेत्याचं नाव बदला. माझ्या ओळखीच्या दोघातिघांनीही फोनवर हेच सांगितलं. एके काळी ते उत्तर बरोबर होतं. जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीन ओळखून काम थांबवायचा. पण मार्च २०२१ मध्ये ४६५ या मालिकेपासून एनव्हिडियानं जीफोर्सचं पासथ्रू विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडपणे चालू करून दिलं. मी बसवलेला ड्रायव्हर त्यानंतरचा होता. म्हणजे लपवाछपवीचा इथं संबंधच नव्हता. एवढी वर्षं लोटली तरी तेच जुनं उत्तर वर येत राहतं आणि माणसं नको त्या ठिकाणी खणत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. उत्तर वाचताना ते कोणत्या सालचं आणि कोणत्या आवृत्तीचं आहे, हे आधी बघा.

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. ताबा कुणाचा? लिनक्सच्या बाजूला जाऊन डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, उघडलं. तिथं एकच ओळ धबधब्यासारखी कोसळत होती: कार्डाच्या मेमरीचा अमुक ते अमुक पत्त्यांचा पट्टा राखून ठेवता येत नाही. व्हीएफआयओ-पीसीआयकडं कार्ड आहे, पण कार्डाच्या मेमरीचा एक तुकडा दुसऱ्या कुणीतरी धरलेला. कुणी, ते प्रॉकमधल्या आयओमेम या फाईलीत दिसतं. ती रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन वाचायची, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतात. माझ्या पट्ट्याच्या पोटात, एक पायरी आत सरकवून, बूटच्या पडद्याचं नाव लिहिलेलं होतं. कर्नलप्रमाणं ते ईएफआयएफबी किंवा बूटएफबी असं असतं.

आता सगळ्या गोष्टी एका रांगेत लागल्या. मॉनिटरची केबल कार्डाला लावलेली होती. संगणक चालू होताना बायोसनं त्याच कार्डावर पडदा उभा केला, कर्नलनं तो पडदा पुढं चालू ठेवला, म्हणून बूटच्या ओळी दिसल्या. मग व्हीएफआयओनं कार्ड घेतलं आणि चित्र तिथंच थिजलं. पण पडद्यासाठी बांधून ठेवलेला मेमरीचा तुकडा कुणी सोडलाच नाही. शिवाय बायोसनं ज्या कार्डावरून बूट केलं, त्या कार्डाचा स्वतःचा रॉम त्या वेळी वापरला गेलेला असतो आणि व्हर्च्युअल मशीनला त्याची कोरी प्रत मिळेलच असं नसतं. आतल्या ड्रायव्हरनं कोड ४३ दिला तो यामुळं.

यावर कर्नलच्या ओळीत बूटचा पडदा बंद करायचे पर्याय लोक घालतात. जुन्या कर्नलवर ईएफआयएफबी बंद करायचा पर्याय चालायचा. नव्या कर्नलांत हा भाग बदलला, त्यामुळं तो पुरेसा पडत नाही आणि मग सिस्टिमच्या फ्रेमबफरची सुरुवातच अडवणारा पर्याय घालावा लागतो. ज्याच्याकडं एकच कार्ड आहे त्याला हे करावंच लागेल. माझ्याकडं दोन होती, मग मुळावरच उपाय का करू नये? बायोसमध्ये गेलो. प्राथमिक डिस्प्ले आपोआप या पर्यायावर होता, तो प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर आणला. त्याच पानावर आणखी एक सेटिंग होतं, प्रोसेसरचं ग्राफिक्स आणि कार्ड दोन्ही एकत्र चालू ठेवायचं. पुष्कळ मदरबोर्ड स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की आतलं ग्राफिक्स परस्पर बंद करतात आणि मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावून बसलेल्या माणसाला काळा पडदा दिसत राहतो. ते चालू केलं. राजारामपुरीतून एक जादा एचडीएमआय केबल आणली. एक केबल मदरबोर्डपासून मॉनिटरच्या पहिल्या पोर्टला, दुसरी कार्डापासून त्याच मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टला. मॉनिटरच्या बटणानं डेबियन आणि विंडोज यांत ये-जा.

या वेळी बूट झाल्यावर आयओमेममध्ये बूटच्या पडद्याचं नाव इंटेलच्या पट्ट्याखाली गेलेलं, कार्डाचा पट्टा मोकळा. डीमेसेज शांत. विंडोज उघडलं, पिवळा त्रिकोण गेला.

वहिनींनी कोअर बॉक्स उघडला. गचके तसेच.

इथं मला क्षणभर काही सुचलं नाही, कारण लिनक्सकडून कार्ड पूर्ण सुटलेलं होतं आणि विंडोजमध्येही ते ठणठणीत दिसत होतं. मग प्रश्न आतून विचारायचा होता: कॅडचं सॉफ्टवेअर कोणतं कार्ड वापरतंय? त्यातल्या ग्राफिक्सच्या माहितीच्या पानावर रेंडरर (चित्र काढणारा) म्हणून जीडीआय जेनेरिक, म्हणजे विंडोजचं स्वतःचं ओपनजीएल, लिहिलेलं, आवृत्ती १.१. म्हणजे कार्ड घरात आलं, पण कामाला कुणी लावलंच नाही. विंडोजच्या मते मुख्य पडदा अजून क्यूएक्सएलचा होता, सॉफ्टवेअर त्याच पडद्यावर उघडत होतं आणि त्याच पडद्याचं ओपनजीएल घेत होतं.

क्यूएक्सएल काढून टाकलं, व्हर्च्युअल मशीनमध्ये आभासी पडदाच नाही असं केलं. यूएसबीचा कीबोर्ड-माउस थेट विंडोजला दिला. डेबियनसाठी दुसरी जोडी ठेवली. मॉडेल आता बरंच हलकं फिरू लागलं, पण सॉफ्टवेअर मध्येच बंद पडायचं, विशेषतः सेक्शन कापून बघताना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा हा पर्याय निवडला, तेव्हा फिक्या रंगात क्यूएक्सएल दिसलं आणि त्याच्याखाली व्हर्च्युअलबॉक्सचा ग्राफिक्स अडॅप्टर. डिस्क तिकडून आली होती ना, तेव्हा व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अॅडिशन्स हे जोड प्रोग्रॅमही सोबत आले. त्यात पडद्याचा ड्रायव्हर आणि ओपनजीएलच्या फाईली असतात. यंत्र बदललं तरी ते विंडोजमध्ये घर करून बसलेले. प्रोग्रॅमच्या यादीतून गेस्ट अॅडिशन्स काढले, दोन्ही फिकी उपकरणं ड्रायव्हरसकट उडवली, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या साधनानं कार्डाचाही ड्रायव्हर पुसला आणि नव्यानं, एकटाच, बसवला. कुठलंही व्हर्च्युअल मशीन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेत असाल तर आधीच्याचे ड्रायव्हर जुन्या घरातच काढून मग डिस्क हलवा, काम निम्म्यानं हलकं होईल.

रेंडररच्या ओळीत आता कार्डाचं नाव आलं, ओपनजीएल ४.६. वहिनींनी व्हॉल्व्ह बॉडीचा तोच कोअर बॉक्स उघडला, फिरवला, आतल्या बाजूची रिब जवळ घेतली, तिच्या मागची कड निवडली. कड उजळली, तीच. त्यांनी सेक्शन कापला, जाडी मोजली, पुन्हा फिरवला. "आता हातात धरल्यासारखं फिरतंय," त्या म्हणाल्या. काका मागं उभे राहून बघत होते; त्यांना ड्राफ्ट कुठल्या बाजूला दिलाय ते दिसलं आणि त्यांनी लगेच एका कोपऱ्याकडं बोट दाखवून तिथं वाळू धरेल म्हणून सांगितलं. सासरे-सून त्या कोपऱ्यात गुंतले, मी नोंदी लिहायला बसलो.

या रचनेच्या काही अटी आहेत, त्या माहीत असू द्या. व्हर्च्युअल मशीनला दिलेली मेमरी पूर्ण बांधली जाते. ३२ जीबीतली १६ विंडोजला दिली की मशीन चालू असेपर्यंत ती लिनक्सला मिळत नाही. कार्ड जोडलेलं असताना चालू मशीनचा मेमरीसकट स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली प्रत) घेता येत नाही. विंडोज बंद करून डिस्कचा घ्यायचा. वहिनी संध्याकाळी काम थांबवतात तेव्हा तो घ्यायची सवय लावली आहे. कार्ड नीट चालतंय का हे रिमोट डेस्कटॉपमधून तपासू नका, तिथं विंडोज वेगळाच डिस्प्ले ड्रायव्हर पुढं करतं आणि उगीच शंका येते. एएमडीची काही जुनी कार्डं मशीन बंद करून पुन्हा चालू करताना नीट रीसेट होत नाहीत, घ्यायच्या आधी त्या मॉडेलबद्दल चौकशी करा. लॅपटॉपवर हा उद्योग करताना तर दहादा विचार करा, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये स्वतंत्र चिपला मॉनिटरचा पोर्टच जोडलेला नसतो, सगळं चित्र इंटेलच्या ग्राफिक्समधूनच बाहेर पडतं. बाहेर विंडोजच ठेवून हायपर-व्हीनं (विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीनं) हे करावं, असं एकानं सुचवलं होतं. पण अख्खं कार्ड आत द्यायची तिथली सोय विंडोज सर्व्हरपुरती आहे आणि मायक्रोसॉफ्टच्याच रेमोटएफएक्सचं आभासी कार्ड सुरक्षेच्या कारणानं जुलै २०२० मध्ये बंद करून एप्रिल २०२१ मध्ये काढूनच टाकलं गेलं.

डेबियनमध्ये कर्नलचं अपडेट आलं की विंडोज सुरू करण्याआधी एलएसपीसीआयमध्ये दोन्ही भागांखाली व्हीएफआयओ-पीसीआय आहे ना, एवढं मित्र बघतो. नसेल तर मशीन सुरू करायचं नाही, मला फोन करायचा, असं ठरलंय.

आता शिरोलीतल्या एका टूलरूमनं अशीच रचना मागितली आहे. त्यांच्या संगणकात दोन एकसारखी कार्डं आहेत, एक लिनक्ससाठी ठेवायचं आणि एक आत द्यायचं. दोन्हींचे क्रमांक एकच, त्यामुळं क्रमांक देऊन बांधलं तर दोन्ही कार्डं राखणदाराकडं जातील. तिथं स्लॉटच्या पत्त्यावरून बांधावं लागेल. त्यासाठी ड्रायव्हरसीटीएल हे साधन डेबियनमध्ये मिळतं, तेच वापरणार आहे.